खानदेशच्या चारही खासदारांना खुलं पत्र : सहीआधी आम्हाला विचारा

दिनांक : 16 नोव्हेंबर 2025

प्रति,
माननीय लोकसभा सदस्य,
जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार

तिन्ही ताई आणि भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या दोघी सत्ताधारी बाकांवर बसतात, दोघं विरोधी. एक ताई केंद्रात राज्यमंत्री आहेत. तरी पत्र एकच लिहितेय. कापसाचा भाव पडतो तेव्हा तो मतदारसंघ बघून पडत नाही. आणि कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं, याचा हिशेब मांडायला मी बसलेली नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आयात शुल्काच्या आणि परदेशांशी व्यापार करारांच्या ज्या कागदांनी आमचं अख्खं वर्ष उलटंपालटं होतं, ते कागद तुमच्या सभागृहात मताला येतच नाहीत. आम्ही तुम्हाला निवडून दिल्लीला पाठवतो आणि निर्णय तुम्हालाच वळसा घालून होतात. हे मला निमूटपणे गिळता येत नाही. तुम्हालाही येऊ नये.

ताजंच उदाहरण घ्या. यंदा 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं, की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या मुळावर येणाऱ्या कुठल्याही धोरणापुढे आपण भिंत होऊन उभे आहोत. बोलणं चांगलं होतं, ऐकून बरं वाटलं. 18 ऑगस्टला अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली आणि 19 तारखेपासून परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क शून्य झालं. आधी मुदत 30 सप्टेंबरपर्यंत होती. दहा दिवसांत ती वाढवून 31 डिसेंबर केली. म्हणजे कपाशीला पातेफुलं लागली तेव्हापासून ते पहिली, दुसरी, तिसरी वेचणी संपेपर्यंतचा सगळा काळ. हे शुल्क 2021 च्या अर्थसंकल्पात याच सरकारने लावलं होतं, कापूस उत्पादकाचं भलं व्हावं म्हणून. 2022 मध्येही ते काही महिने उठवलं होतं, पण तेव्हा निदान भाव तेजीत होता.

कारण काय दिलं, तेही मला माहीत आहे. अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के कर बसवला, कापड गिरण्या आणि कपडे शिवणारे कारखाने अडचणीत आले, त्यांना स्वस्त कापूस हवा. तिरुपूरला मशीनवर बसलेल्या बाईची रोजी जाऊ नये, हे मलाही वाटतं. ती माझीच बहीण आहे. पण तिच्या मालकाला मदत करायची तर ती सरकारी तिजोरीतून करायची, की अमळनेर तालुक्यातल्या कोरडवाहू कपाशीतून? अमेरिकेच्या अध्यक्षांनी लावलेल्या कराचा दंड पारोळ्या-एरंडोलच्या शेतकऱ्याने का भरायचा? हा प्रश्न कुणी कुणाला विचारला, कुठे विचारला, याची नोंद मला कुठेच सापडली नाही.

माझं यात काय जातं, ते सांगते. आमची बोरीकाठच्या गावात साडेचार एकर जमीन आहे. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, राबणं माझं आणि मालकांचं. अडीच-तीन एकर कपाशी, बाकी तूर, थोडा मका, रब्बीला जमिनीत ओल राहिली तर दादर ज्वारी. सप्टेंबरच्या पावसाने खालची बोंडं सडली, वरच्या बोंडांवर गुलाबी अळी. जो कापूस हाती आला तो वेचायला किलोमागे दहा रुपये मजुरी, आणि ती देताना मला जड जात नाही. दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईला त्यापेक्षा कमी कोणत्या तोंडाने द्यायचे?

यंदा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7710 रुपये आहे, लांब धाग्याचा 8110. आकडा ऐकायला ठीक आहे. त्यात धरलेला उत्पादन खर्च क्विंटलला 5140 रुपये आहे. तो काढताना स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज मोजलेलं नाही. असो. हमीभावाने घेणाऱ्या केंद्राच्या कापूस महामंडळाला माल द्यायचा तर मोबाईलवर नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा, आधार, मग तारीख मिळायची वाट. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की घेतच नाहीत. यंदाच्या पावसात 12 च्या आत कापूस कुणाकडे होता, ते मला दाखवा. बटाईने करणाऱ्याचं तर सातबाऱ्यावर नावच नसतं, तो त्या रांगेत उभाच राहू शकत नाही.

मग उरते खेडा खरेदी. व्यापाऱ्याची मालवाहू रिक्षा गल्लीत येते, मागे इलेक्ट्रॉनिक काटा. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातला कापूस मुठीत दाबतो, एक सरकी काढून दाताखाली धरतो. आवाज आला नाही की म्हणतो, "ओला शे." क्विंटलमागे दोन किलो कट्टी, म्हणजे वजनातली कपात, तिथेच ठरते. यंदा त्याच्या तोंडी नवीन वाक्य आलं आहे : बाहेरून गाठी येतायत, पुढे अजून उतरेल, आज देऊन टाका. सहा-साडेसहा हजाराची बोली. मी त्याला दोष देत नाही. त्याला जिनिंगवाला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखानदार, हेच सांगतो, आणि जिनिंगवाल्याला गिरणी. दिल्लीतल्या एका कागदाचं वजन आमच्या गल्लीतल्या काट्यावर असं उतरतं. व्यापाऱ्यांच्याच संघटनेचा अंदाज आहे, की गेल्या हंगामात देशात चाळीस लाखांच्या आसपास गाठी बाहेरून आल्या. एक गाठ 170 किलो रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची.

आता एक गोष्ट, जी दिल्लीत बोलणी करणाऱ्यांच्या लक्षात येते की नाही, मला शंका आहे. एक क्विंटल कापूस पिंजला की रुई निघते एक तृतीयांशच्या आसपास, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल, तेल काढून ढेप, ढेप जनावराला. म्हणजे बोंडाचा भाव दोन पायांवर उभा असतो, रुई आणि सरकी. यंदा 30 मे रोजी कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं. तो एका पायावर घाव. ऑगस्टमध्ये रुईवरचं शुल्क काढलं, तो दुसऱ्या पायावर. दोन वेगळी कारणं, दोन वेगळे कागद, झाड एकच. तेलाच्या बाबतीत तर कुठल्या कराराने आपला हात धरला नव्हता. आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी 2010 पासून लागू असलेल्या करारात पाम तेलावर याहून जास्त शुल्क ठेवायची मुभा आहे. हे आपणच आपल्या हाताने केलं.

आणि हे खानदेशात व्हावं! अमळनेरला 1945 साली तेल आणि वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, आज जग ज्याला विप्रो म्हणून ओळखतं त्याची सुरुवात तीच. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने काढलेला जेएल-24, म्हणजे फुले प्रगती भुईमूग, देशभर गेला, आफ्रिकेतही पोचला. नावातलं ते जेएल म्हणजे जळगाव. आता देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, आणि आमच्याच बांधावर भुईमूग परवडत नाही.

माझ्यावर डावं-उजवं असा शिक्का मारायची घाई कुणी करू नये, म्हणून सांगते. माझे सासरे शेतकरी संघटनेचे, छातीवर लाल बिल्ला लावून जेलमध्ये जाऊन आलेले. संघटनेचे नेते शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाचं, म्हणजे ज्यातून जागतिक व्यापार संघटना झाली त्या मसुद्याचं, स्वागत केलं, तेव्हा सासरे त्यांच्या बाजूचे होते. राज्यातल्या कापूस एकाधिकार खरेदीला, म्हणजे कापूस सरकारलाच विकायच्या सक्तीला, आणि राज्याच्या सीमेवर कापूस अडवण्याला त्यांचा जन्मभर विरोध. ते व्यापाराच्या विरोधात नव्हते, आजही नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की दार उघडायचं तर दोन्ही बाजूंनी उघडा. 2010 मध्ये जगात कापूस तेजीत होता, सरकारने निर्यात थांबवली. 2012 च्या मार्चमध्ये पुन्हा बंदी घातली. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती पुढच्या मे महिन्यापर्यंत. बाहेर भाव चढला की आमचा माल आत कोंडायचा, बाहेर भाव पडला की त्यांचा माल आत घ्यायचा. याला मुक्त व्यापार म्हणत असतील तर मुक्त कोण झालं, ते त्या बंदी घालणाऱ्यांनीच सांगावं. संघटनेचा बिल्लेवाला आणि करारांविरुद्ध मोर्चा काढणारा लाल बावटेवाला आमच्या गावात आज एकाच ओट्यावर बसून एकच वाक्य बोलतात, हे दिल्लीचं कर्तृत्व आहे.

बाहेरचा माल स्वस्त का असतो, यावरही दोन शब्द. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला भरघोस अनुदान देते. त्याविरुद्ध ब्राझील 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. शेवटी 2014 मध्ये अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. 2003 मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी तीच तक्रार तिथे मांडली, त्यांचा शेतकरी अजून वाट बघतोय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत कान्कुनला व्यापार संघटनेची परिषद भरली असताना ली क्युंग-हे या कोरियन शेतकरी नेत्याने कुंपणावर चढून स्वतःला भोसकून घेतलं. आत्महत्या कशाला म्हणतात, हे खानदेशाला कुणी शिकवायला नको. म्हणून त्या माणसाचं नाव मी विसरत नाही.

पुढचं भय कापसापेक्षा मोठं आहे. अमेरिकेशी बोलणी चालू आहेत, युरोपीय संघाशी चालू आहेत. ब्रिटनशी करारावर 24 जुलैला सही झाली. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी केलेला करार 1 ऑक्टोबरपासून लागू झाला. ऑस्ट्रेलियाच्या करारात 51,000 टन कापूस दरवर्षी बिनशुल्क येतोच आहे, डिसेंबर 2022 पासून. अमेरिकेला आपल्याकडे मका, सोयाबीन आणि दुधाच्या पदार्थांची बाजारपेठ हवी आहे, हे काही गुपित नाही. खानदेशात कापूस परवडत नाही म्हणून लोक मक्याकडे वळले. मकाही गेला तर वळायचं कुठे?

मक्याचं काय होतं ते मेक्सिकोला विचारा. 1 जानेवारी 1994 ला अमेरिका आणि कॅनडाशी त्यांचा नाफ्टा करार लागू झाला. मक्यावरचं शुल्क एकदम काढणार नाही, पंधरा वर्षांत हळूहळू काढू, असा शब्द होता. प्रत्यक्षात ठरलेल्या कोट्याच्या वर मका आला तेव्हा त्यावरचं शुल्क त्यांच्याच सरकारने वसूल केलं नाही. मक्याची मायभूमी ती, तिथल्या डोंगरातल्या लहान शेतकऱ्याचा भाव पडला, पोरं सीमा ओलांडून मजुरीला गेली. करार लागू झाला त्याच पहाटे चियापास राज्यातले आदिवासी उठले. झापातिस्ता म्हणतात त्यांना. त्यांच्या हातातल्या बंदुका सगळ्यांनी पाहिल्या. नंतरच्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या, दवाखाने चालवले, कॉफीच्या सहकारी संस्था करून माल थेट युरोपातल्या ग्राहकाला विकला, त्याची बातमी झाली नाही. मला त्यातलं हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. नंदुरबारातल्या शहादा-धडगावच्या आदिवासींनाही ते चटकन कळेल.

"हळूहळू काढू" हा शब्द आपल्याही करारांत असतो. सात वर्षं, दहा वर्षं. सही करणारे तोवर त्या खुर्चीत नसतात.

बियाण्याचा मुद्दा थोडक्यात. कपाशीचं बी 2002 मध्ये बीटी आल्यापासून आम्ही दरवर्षी विकतच घेतो, त्यामुळे तिथे घरचं बी संपलंच. पण दादर, तूर, भुईमूग, बाजरी यांचं बी अजून आमच्या कणग्यांत आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं 39 वं कलम शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि ब्रँडशिवाय विकायचा हक्क देतं. असा कायदा जगात फार थोड्या देशांत आहे. युरोपीय संघ आपल्या करारांतून यूपीओव्ही 1991 नावाची, नवीन वाण काढणाऱ्याचे हक्क राखणारी आंतरराष्ट्रीय नियमावली मागत आला आहे. ती मान्य केली तर कंपनीने नोंदवलेल्या वाणांचं बी वाटायचा-विकायचा हक्क कंपनीच्या मर्जीवर येतो. कोलंबियात अमेरिकेशी करार झाल्यानंतर घरचं बी वापरण्यावर आलेल्या निर्बंधांमुळेही 2013 मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारला तो हुकूम स्थगित करावा लागला. आणि लांब कशाला जायचं? 2019 मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये बटाट्याच्या एका वाणावरून पेप्सिकोने शेतकऱ्यांवर कोटी-कोटीचे दावे लावले होते. गदारोळ झाला, मग मागे घेतले. तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने उभं राहिलं ते हेच 39 वं कलम.

आता मूळ दुखणं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली 14 वी नोंद शेती आहे. केंद्र सूचीतली 14 वी नोंद परदेशांशी तह आणि करार. क्रमांक एकच, पण दुसरी नोंद पहिलीला खाऊन बसली आहे. केंद्राच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की करार झाला. महाराष्ट्र विधानसभेला विचारायचं बंधन नाही, आणि तुमच्या संसदेची मंजुरी घ्यायचंही नाही. ब्रिटनच्या संसदेपुढे असा करार कामकाजाचे 21 दिवस ठेवावा लागतो. युरोपच्या संसदेत त्यावर मतदान होतं. म्हणजे आपल्याशी केलेल्या कराराबद्दल तिकडच्या खासदाराला बोलायचा हक्क आहे आणि जळगावच्या खासदाराला मतही देता येत नाही. आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या आजींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमले कोनी इचारं का?" मी म्हटलं, आजी, खासदारालाही नाही विचारलं.

बोलून काही होत नाही, असं मात्र नाही. 2019 मध्ये चीन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसह पंधरा देशांचा आरसेप हा व्यापार करार दारात होता. दूध संघ, डाव्या-उजव्या शेतकरी संघटना, पंजाबपासून केरळपर्यंत लोक उठले. 4 नोव्हेंबरला बँकॉकमध्ये भारताने आत जायला नकार दिला. हेच सरकार होतं. त्याबद्दल त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं, मी देते.

दरम्यान आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. आमच्या बचत गटाने विजेवरची लाकडी घाणी टाकली. शेंगदाणा, तीळ, करडई गाळतो. गिऱ्हाईक येतं, वास घेतं, खूश होतं आणि भाव ऐकून पिशवीतल्या तेलाकडे बघतं. तरी घाणी चालते, कारण ढेप गावातच खपते आणि दोन हॉस्टेलं नेमाने तेल नेतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने शेकडो हेक्टर जंगल राखलं, वनभाज्यांची स्पर्धा सुरू केली. यंदा त्यांना पद्मश्री मिळाली, तुम्ही अभिनंदनाचे फलक लावलेच असतील. धडगावच्या घराघरांत कैरी चिरून, वाळवून आमचूर होतो. नवापूरच्या तूरडाळीला, जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे जगात नाव करायला आमच्याकडे माल नाही, असं नाही. आम्हाला लागतं ते जवळचं, हमखास गिऱ्हाईक. आणि सगळ्यात मोठं जवळचं गिऱ्हाईक सरकारच आहे : अंगणवाडी, शाळेचा पोषण आहार, आश्रमशाळा, सरकारी दवाखाने.

इथेच एक बारीक कलम बघा. ब्रिटनच्या करारात केंद्र सरकारच्या खरेदीची कंत्राटं तिकडच्या कंपन्यांना खुली केली आहेत. राज्य सरकारं आणि स्थानिक संस्था अजून बाहेर आहेत. उद्या एखाद्या करारात त्याही आत गेल्या, तर नंदुरबारच्या आश्रमशाळेने तूरडाळ नवापूरच्याच गटाकडून घ्यावी, असा नियम करणं हा करारभंग ठरू शकतो. आम्ही जे उभं करतोय त्याचा पाया कुठे तरी लांब, न वाचलेल्या परिशिष्टात उखडला जाऊ शकतो. म्हणून मागण्या.

1. कापसावरची शुल्कमाफी 31 डिसेंबरनंतर एक दिवसही वाढवू नये. हिवाळी अधिवेशन 1 डिसेंबरला सुरू होतंय, तिथे तसं आश्वासन मागा. यापुढे ऑक्टोबर ते मार्च या काळात कापूस, तूर, मका, सोयाबीन आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्काला हात लावायचा नाही. बदलायचंच असेल तर पेरणीच्या आधी जाहीर करा, म्हणजे काय पेरायचं ते आम्ही ठरवू.

2. गिरण्यांना मदत हवी तर त्यांना थेट द्या. आणि ज्यांनी यंदा हमीभावाखाली कापूस विकला त्यांना फरक द्या, खेडा खरेदीत विकलेल्यांना आणि बटाईदारांनाही. पावती नसते हे मला माहीत आहे. पीकपेरा आणि ग्रामसभेचा दाखला धरा.

3. कुठल्याही व्यापार कराराचा मसुदा सहीआधी मराठीत प्रसिद्ध व्हावा, संसदेत त्यावर चर्चा आणि मतदान व्हावं. त्यासाठी कायदा हवा. मंत्र्यांना खासगी विधेयक मांडता येत नाही, म्हणून मंत्री नसलेल्या तिघांपैकी कुणीही एकाने ते मांडा. ते मंजूर होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मांडा. बाकी तिघांनी पाठिंब्याचं पत्र द्या.

4. करारात शेती येणार असेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथे जाहीर सुनावणी घ्या. उद्योगांच्या संघटनांना बोलणी करणारे अधिकारी भेटतात, त्यांनी एकदा बाजार समितीच्या ओट्यावरही यावं. नंदुरबारची सुनावणी भिली आणि पावरी जाणणाऱ्या दुभाषासह व्हावी.

5. दूध, मका, सोयाबीन, कापूस बोलणीच्या टेबलावर ठेवू नका. 39 वं कलम जसंच्या तसं राहील, यूपीओव्ही 1991 स्वीकारणार नाही, हे वाणिज्य मंत्रालयाकडून लेखी घ्या.

6. राज्य आणि जिल्हा परिषदेची खरेदी कुठल्याही करारात जाऊ नये. आणि आत्ता, या वर्षी, तिन्ही जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांसाठी तेल, डाळ आणि केळी यांचा ठरावीक हिस्सा स्थानिक गट आणि शेतकरी कंपन्यांकडून घ्यायचा ठराव करून आणा. खासदार म्हणून जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीला तुम्हाला बोलावतातच, तिथे मांडता येईल.

7. आमच्या तालुक्यात गटांसाठी लहान जिनिंग आणि कापूस वाळवायची सोय द्या. ओलावा 12 च्या आत आणायचा तर उन्हाखेरीज काहीतरी हवं.

रावेरच्या ताईंना आणखी एक. तुमच्या मतदारसंघात फैजपूर आहे. 1936 च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन तिथे भरलं, त्यासाठी साने गुरुजी गावोगाव पायी फिरले. देशाचा शेतीविषयक कार्यक्रम त्या मांडवात ठरला होता. तेव्हा पक्ष वेगळा होता, मला माहीत आहे. मांडव मात्र आपल्याच मातीत होता. सुनावणी फैजपूरला घ्यायची असेल तर आमची हरकत नाही, आम्ही येऊ.

सध्या नगरपालिकांच्या निवडणुका आहेत, 2 डिसेंबरला मतदान. त्यामुळे येत्या पंधरवड्यात तुम्ही चौघंही अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा भागात प्रचाराला येणारच. सभेत दहा मिनिटं कापसाला आणि या करारांना द्या. वर लिहिलेल्या सातपैकी कुठल्या मागण्या मान्य आहेत, कुठल्या नाहीत आणि का नाहीत, ते नाव घेऊन सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, आम्ही ऐकून घेऊ. उत्तर लेखी आलं तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावीन, चौघांचं शेजारी शेजारी.

आपली,
एक कापूस उत्पादक शेतकरी
बोरीकाठ, ता. अमळनेर, जि. जळगाव